हॅम रेडिओवरची घरगुती खरखर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना हाती आला, गच्चीवर डायपोल (तारेची अँटेना) ताणला, रिग (रेडिओ संच) सुरू केली आणि ७ मेगाहर्ट्झवर स्टेशनांच्या जागी नुसती घर्रर्र. इथे अडकलेली मंडळी वर्षभर जे विचारत असतात, ते प्रश्न एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न फ्लॅट आणि रो-हाउसमधल्या हॅमचे आहेत, थोडे शेतावरचे. क्रमाने वाचायलाच हवं असं नाही. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर त्याचा क्रमांक दिला आहे.

१. ही खरखर आकाशातली की घरातली, कसं ओळखायचं?

विजा चमकल्याने येणारा आवाज तुटक असतो. कडकड, मग थोडी शांतता, परत कडकड. एप्रिल-मेमध्ये वळिवाचे ढग जमले की संध्याकाळी ८० आणि ४० मीटरच्या बँडवर (४० मीटर म्हणजेच ७ मेगाहर्ट्झ) तो येणारच. त्याला आपण क्यूआरएन म्हणतो आणि घरातला कोणताही स्विच त्याला बंद करू शकत नाही. माणसाने तयार केलेल्या नॉइजला मात्र शिस्त असते: एकसुरी घरघर, ठरावीक अंतराने टकटक, किंवा वॉटरफॉलवर (पडद्यावर सिग्नल दाखवणाऱ्या चित्रावर) सारख्या अंतराने उभे असलेले जाड पट्टे.

दुसरी सोपी चाचणी इंटरनेटवरून होते. दुसऱ्या गावातला एखादा ऑनलाइन एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा) रिसीव्हर उघडून तीच फ्रीक्वेन्सी लावा. तिथेही तोच आवाज येत असेल तर तुमचं घर निर्दोष आहे. ७ आणि १४ मेगाहर्ट्झच्या आसपास क्षितिजापलीकडे पाहणाऱ्या रडारांची फडफड अधूनमधून येते. ती घरातली समजून घरभरचे बल्ब काढून ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत.

२. एस-मीटरवर (रिगवरच्या सिग्नलच्या काट्यावर) किती नॉइज असला तर चालतो?

आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) पी.३७२ या शिफारशीत मानवनिर्मित नॉइजची सूत्रं दिली आहेत. एस९ म्हणजे उणे ७३ डीबीएम आणि बँडविड्थ २.४ किलोहर्ट्झ धरून ७ मेगाहर्ट्झचा हिशेब केला, तर निवासी भागात मध्यम पातळी एस६ च्या आसपास येते आणि शांत ग्रामीण भागात एस३ च्या जरा खाली. या सूत्रांमागची मोजमापं जुनी आहेत, म्हणजे घरोघरी एलईडी बल्ब आणि मोबाइल चार्जर येण्याच्या आधीची. तेव्हा शहरात एस६ मिळाला तर कुरकुर करू नका. काटा दिवसरात्र एस९ च्या वर असेल तर मात्र स्रोत अगदी जवळ आहे.

एक एस म्हणजे ६ डेसिबल हे कागदावर. बहुतेक रिगचे मीटर खालच्या टोकाला इतके प्रामाणिक नसतात. म्हणून दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना न करता आपल्याच रिगवर, त्याच सेटिंगवर, आधी किती होतं आणि नंतर किती झालं एवढंच पाहा.

३. अँटेनाची केबल काढली तरी आवाज तसाच राहतो. असं का?

कारण तो अँटेनातून येतच नाही. रिगचा पॉवर सप्लाय स्विचिंग प्रकारचा असेल तर पहिला संशय त्याच्यावर. दुसरा लॅपटॉपच्या यूएसबी केबलवर, जी डिजिटल मोडसाठी रिगला जोडलेली असते. रिग १२ व्होल्टच्या बॅटरीवर घ्या, यूएसबी काढा आणि परत ऐका. अँटेनाची केबल काढताच आवाज गेला तर तो बाहेरून येतो आहे, पण अँटेनाच्या तारेतूनच येतो असं लगेच समजू नका. कोअॅक्सच्या (अँटेनाच्या केबलच्या) जाळीवरूनही नॉइज शॅकमधून (रिगच्या खोलीतून) अँटेनापर्यंत जातो आणि आतून परत येतो. त्यावर उत्तर १४ मध्ये.

४. शोध नेमका कुठून सुरू करायचा?

स्वतःच्या मेन स्विचपासून. शेजारी, खांब, लिफ्ट, मोबाइल टॉवर हे सगळं नंतर.

रिग बॅटरीवर घ्या. यूपीएसमधली सीलबंद बॅटरी ऐकण्यापुरती भरपूर होते. मोड एएम ठेवा, कारण एएममध्ये नॉइजची लय स्पष्ट कळते. नॉइज ब्लँकर, नॉइज रिडक्शन (रिगमधल्या नॉइज दाबणाऱ्या सोयी) आणि प्रीअँप (सिग्नल वाढवणारी सोय) बंद. स्टेशन नसलेली फ्रीक्वेन्सी निवडा आणि काटा वहीत लिहा. घरच्यांना आधी सांगा. मालिका चालू असताना मेन पाडणाऱ्याला पुढच्या खेपेला सहकार्य मिळत नाही.

आता सर्वात महत्त्वाचं: आधी इन्व्हर्टर आणि संगणकाचा यूपीएस बंद करा, मग मेन. उलट केलंत तर मेन पडताच इन्व्हर्टर घर ताब्यात घेतो, त्याच्या लाइनवरची सगळी उपकरणं चालूच राहतात, वर इन्व्हर्टर स्वतःची भर घालतो. स्क्वेअर वेव्ह प्रकारचा असेल तर फारच. मेन बंद झाल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा, कारण काही अडॅप्टरमधले कपॅसिटर रिकामे व्हायला वेळ घेतात.

काटा घसरला? छान. आता एकेक एमसीबी वर करत जा आणि प्रत्येक वेळी आकडा लिहा. ज्या एमसीबीवर काटा उडी मारतो त्या लाइनवरच्या खोल्या, मग त्या खोल्यांतले सॉकेट, मग सॉकेटवरची वस्तू. एमसीबी नसलेल्या जुन्या घरात फ्यूज उपसत बसू नका, वायरमनला बोलवा. डीबीचं (एमसीबी असलेल्या पेटीचं) झाकण उघडून आत हात घालायचं काम या सगळ्यात कुठेही नाही.

५. मेन पाडला, काटा हलला नाही. म्हणजे शेजाऱ्याचंच काहीतरी, बरोबर?

घाई करू नका. इन्व्हर्टर खरंच बंद होता? लॅपटॉप, कॉर्डलेस फोन, बॅटरी बॅकअप असलेला राउटर? अशी बॅटरीवर जगणारी उपकरणं मेनला जुमानत नाहीत.

माझं स्वतःचं सांगतो. तीन रविवार मी मेन पाडत होतो आणि नॉइज ढिम्म. वरच्या मजल्यावरच्या काकांच्या नव्या टीव्हीवर माझा पक्का वहीम बसला होता. जिन्यात भेटले की मी त्यांच्याकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहायचो. चौथ्या रविवारी लक्षात आलं की देवघराचा सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे आणि तिथे प्लगवर चालणारी एलईडीची समई चोवीस तास तेवते. देवाचा दिवा बंद करायचा हे घरात कुणाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं, माझ्याही नाही. समई काढली आणि काटा एस८ वरून एस५ वर आला. आता तिथे तेलाची आहे.

सगळं खरंच बंद असूनही नॉइज तसाच असेल, तर तो बाहेरचा. मग उत्तर ९, १५ आणि १७ पाहा.

६. एकेक वस्तू बंद करून पाहिली, पण कशानेच फरक पडत नाही. पण मेन पाडला की नॉइज जातो!

सर्वांना चकवणारा प्रकार हाच. घरात सारख्या ताकदीचे तीन-चार स्रोत असतात. एक बंद केला तरी बाकीचे काटा तिथेच धरून ठेवतात, म्हणून तुम्ही त्याला निर्दोष समजून परत चालू करता. असं फिरत राहिलात तर वर्षभर काही सापडणार नाही. बंद करत जाण्याऐवजी सगळं बंद करून एकेक चालू करा. शांततेत पहिला आवाज करणारा लगेच कळतो. तो सापडला की त्याला बाहेर ठेवून पुढचा.

आणखी एक गंमत: भिंतीवरचा स्विच बंद म्हणजे वस्तू बंद असं नाही. वायरिंग करताना स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसवला असेल तर एलईडी बल्ब बंद असूनही मंद लुकलुकतो. तो नुसत्या नॉइजचा मामला नाही, शॉक बसण्याचाही धोका आहे. वायरमनकडून दुरुस्त करून घ्या. चाचणी करताना मात्र प्लग सॉकेटमधून उपसून पाहा.

७. नुसत्या आवाजावरून उपकरण ओळखता येतं का?

उपकरण नाही, पण त्याचं खानदान ओळखता येतं. कान तयार व्हायला महिना-दोन महिने लागतात.

खरबरीत, करवतीसारखी घर्रर्र म्हणजे ठिणगी किंवा डिमर. आपली वीज ५० हर्ट्झची. प्रत्येक फेऱ्यात दोन शिखरं, म्हणून ठिणगी सेकंदाला १०० वेळा उडते आणि कानाला ती १०० हर्ट्झची घरघर लागते. सैल सॉकेट, ढिला होल्डर, रस्त्यावरचा खांब, दिव्याचा डिमर हे सगळे या गोत्रातले.

डायल फिरवताना दर ५०, ६० किंवा १०० किलोहर्ट्झला फुगणारी आणि मध्ये विरणारी गुणगुण म्हणजे स्विचिंग सप्लाय. त्याच्या आतलं स्विचिंग बहुधा काही दहा ते शेकडो किलोहर्ट्झवर चालतं आणि हार्मोनिक (त्याच्या पटीतल्या फ्रीक्वेन्सी) पार २८ मेगाहर्ट्झपर्यंत चढतात. उपकरण तापतं तसे हे पट्टे वॉटरफॉलवर हळूहळू सरकतात. पट्ट्यांमधलं अंतर वहीत लिहून ठेवा. तीच त्या अडॅप्टरची ओळख.

मोटारीचा वेग वाढताना सूरही चढत गेला तर ब्रश असलेली मोटार: मिक्सर, ड्रिल, शिलाई मशीन. चटणी वाटून झाली की बंद, त्यासाठी वही नको. अधूनमधून एखादा 'चर्र' आणि परत शांतता म्हणजे थर्मोस्टॅट: इस्त्री, फ्रिज, गिझर. सेकंदाला साधारण एक टक असेल तर थेट उत्तर १९ वाचा.

८. घरातले नेहमीचे संशयित कोण? आणि कुणाला उगाच त्रास देऊ नये?

संशयितांमध्ये पहिला मान स्वस्त एलईडी बल्ब आणि पट्ट्यांच्या ड्रायव्हरला. त्यानंतर बिनब्रँडचे मोबाइल चार्जर, सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचा अडॅप्टर, सेट-टॉप बॉक्स आणि फायबरच्या मोडेमचा अडॅप्टर, पाण्याच्या फिल्टरचा सप्लाय, ट्यूबलाइटचा इलेक्ट्रॉनिक चोक, टाकीचा लेव्हल कंट्रोलर, इन्व्हर्टर एसी, ई-स्कूटरचा चार्जर. यातल्या निम्म्या वस्तू कपाटामागे असतात आणि त्या आहेत हेच आपण विसरलेले असतो.

पंख्याच्या रेग्युलेटरमध्ये फरक आहे. टकटक करत १ ते ५ वर फिरणारे बहुतेक नवे रेग्युलेटर कपॅसिटरचे असतात आणि ते शांत. कुठेही न अडकता सलग गोल फिरणारा असेल तर आत ट्रायॅक (इलेक्ट्रॉनिक स्विच) आहे आणि तो पंखा हळू ठेवला की जास्त बोंबलतो. चाचणी सोपी: पंखा पूर्ण वेगावर न्या, नॉइज पडतो का पाहा.

निर्दोष: साधा कॉइलचा गिझर (चालू-बंद होतानाचा क्षण सोडून), डासांची लिक्विड मशीन, जुना लाकडी खोक्यातला जड रेग्युलेटर, पिवळा बल्ब. मोबाइल टॉवरला लोक फार शिव्या देतात, पण त्याचा प्रक्षेपित सिग्नल तुमच्या ४० मीटरला त्रास देत नाही. त्याच्या पायथ्याशी असलेला पॉवर सप्लाय देऊ शकतो.

९. नॉइज कधी येतो, कधी जातो. घरी असतो तेव्हा नेमका नसतो. काय करू?

त्याचं वेळापत्रक लिहा. वही-पेन हे या शोधातलं सर्वात उपयोगी उपकरण आहे आणि तेच कुणी विकत घेत नाही. सात दिवस, दर तासाला किंवा जमेल तेव्हा, वेळ आणि काटा.

सूर्य उगवताना हळूहळू येऊन मावळताना जाणारा नॉइज छतावरच्या सोलरचा. संध्याकाळी साडेसहाला येऊन पहाटे जाणारा जिन्यातल्या किंवा रस्त्यावरच्या दिव्यांचा. पाणी चढवण्याच्या वेळेला येणारा पंपाच्या स्टार्टरचा. उन्हाळी रात्री दहानंतरचा एसीचा. वीज जाते ती वेळ तर फुकटची प्रयोगशाळा: अख्ख्या गल्लीची वीज गेली की रिग बॅटरीवर लावून ऐका. नॉइज गेला आणि तुमचं मेन पाडून तो जात नव्हता, तर स्रोत गल्लीत आहे. पुण्यात देखभालीसाठी वीज बहुधा गुरुवारी जाते. इतरांनी त्या दिवसाला नावं ठेवावीत, हॅमने रिग चार्ज करून बसावं.

१०. साध्या खिशातल्या रेडिओने शोधता येतं का?

येतं. मीडियम वेव्हचा कोणताही छोटा ट्रान्झिस्टर घ्या आणि स्टेशन नसलेल्या जागी ठेवा. आत फेराइटची (एका चुंबकीय पदार्थाची) कांडी असते. कांडीचं टोक स्रोताकडे असताना आवाज सर्वात कमी होतो, आणि ही 'शांत दिशा' मोठ्या आवाजाच्या दिशेपेक्षा कितीतरी नेमकी असते. खोलीच्या दोन कोपऱ्यांतून शांत दिशा पाहा. दोन रेषा जिथे छेदतात तिथे जा.

अडचण अशी की नॉइज भिंतीतल्या वायरवरून धावतो आणि रेडिओ प्रत्येक स्विचबोर्डापाशी बोंबलतो. सर्वात मोठा आवाज करणारी वायर म्हणजे स्रोत नव्हे, तो नुसता रस्ता. म्हणून वस्तूंपासून सारख्याच अंतरावर, साधारण वीतभर, रेडिओ धरून तुलना करा आणि निर्णय प्लग उपसूनच घ्या. दुसरी मर्यादा: काही उपकरणं मीडियम वेव्हवर गप्प असतात आणि १४ मेगाहर्ट्झवरच बोलतात. तिथे शॉर्टवेव्ह असलेला रेडिओ किंवा पुढचं उत्तर.

११. एसडीआर डोंगल घेतला तर सोपं होईल का?

होईल, पट्ट्यांमधलं अंतर डोळ्यांना दिसतं म्हणून. डोंगल एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झ) ऐकू शकणारा हवा, नाहीतर अपकन्व्हर्टर (फ्रीक्वेन्सी वर सरकवणारा डबा) लागतो. कोअॅक्सच्या टोकाला पाच-सात सेंटीमीटरचं वेटोळं करून तो शोधकासारखा अडॅप्टरजवळ फिरवा. वेटोळ्यावर टेप गुंडाळा, उघडी तार सॉकेटजवळ नको. लॅपटॉप बॅटरीवर ठेवा, नाहीतर तुम्ही लॅपटॉपचाच चार्जर शोधून काढाल.

१२. चोर सापडला. फेकू की दुरुस्त करू?

बल्ब किंवा चार्जर असेल तर बदला. दुसऱ्या कंपनीचा बल्ब आणून रेडिओजवळ लावून पाहा; दुकानदार ओळखीचा असेल तर दुकानातच. पाकिटावरची बीआयएसची नोंदणी मुख्यतः सुरक्षिततेबद्दल बोलते, शांततेबद्दल नाही. दिव्यांच्या रेडिओ नॉइजसाठी सीआयएसपीआर १५ हे वेगळं मानक आहे, आणि ते पाळणारा बल्बही दोन मीटरवरच्या अँटेनाला ऐकू येऊ शकतो. राउटरसारख्या छोट्या उपकरणांना जुना, हातात जड लागणारा ट्रान्सफॉर्मरचा अडॅप्टर मिळाला तर सोन्याहून पिवळं. फक्त व्होल्टेज, करंट आणि पिनची ध्रुवता जुळवून घ्या आणि तो रेग्युलेटेड आहे याची खात्री करा.

बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटारीच्या) पंख्याबद्दल सतत विचारलं जातं. वीज खरंच वाचते, म्हणून घरचे तो काढू देणार नाहीत. सगळे बीएलडीसी पंखे वाईटही नसतात, कंपनीनुसार जमीन-अस्मानाचा फरक आहे. रिमोटने पंखा बंद केला तरी त्याचा सप्लाय जागा असतो, म्हणून चाचणी भिंतीवरच्या स्विचने करा. बदलणं शक्य नसेल तर छतातल्या पेटीत, पंख्याकडे जाणाऱ्या दोन्ही तारा एकत्र घेऊन फेराइटवर गुंडाळायच्या. काम वायरमनचं, मेन बंद ठेवून.

१३. बाजारातून क्लिपचे फेराइट आणून सगळीकडे लावले. काहीच फरक नाही. फसवलं गेलं का?

अर्धवट. वायर एकदाच आतून गेली तर ७ मेगाहर्ट्झवर मिळणारा अडथळा फार थोडा असतो. अडथळा वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: ३ वेढे म्हणजे साधारण ९ पट, १० वेढे म्हणजे जवळजवळ १०० पट. म्हणून दहा क्लिपांपेक्षा एका मोठ्या रिंगवर दहा-बारा वेढे कितीतरी परिणामकारक.

मटेरियलही पाहा. खालच्या एचएफ बँडसाठी फेराइटचं ३१ क्रमांकाचं मिश्रण सर्वात सोयीचं, ४३ वरच्या बँडना बरं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ मिळणाऱ्या रिंगांवर बहुधा काहीच लिहिलेलं नसतं. पिवळी-पांढरी रंगवलेली लोखंडी भुकटीची रिंग तर या कामाला अजिबात घेऊ नका. खूण नसलेली रिंग एक आणून, गुंडाळून, काटा पाहून मगच बाकीच्या आणा.

फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र गुंडाळायच्या आणि रिंग नॉइज करणाऱ्या उपकरणाच्या जवळात जवळ. उपकरणाला दोन केबल असतील (वीज आणि डेटा) तर दोन्हींवर, नाहीतर एका दारातून हाकललेला दुसऱ्या दारातून येतो.

१४. अँटेनाकडून काही करता येईल?

करता येतं, आणि फ्लॅटमध्ये बहुधा तेवढंच आपल्या हातात असतं. पहिलं काम: कोअॅक्स अँटेनाला जिथे जोडली आहे तिथे चोक, म्हणजे कोअॅक्सचेच दहा-बारा वेढे ३१ च्या मोठ्या रिंगवर. जमलं तर दुसरा शॅकमध्ये शिरण्याच्या जागी. कोअॅक्सच्या जाळीवरून चढणारा घरातला नॉइज इथे अडतो. यानंतरही डायपोल बाल्कनीच्या ग्रिलला समांतर असेल तर त्याला घरापासून लांब न्या. चार-पाच मीटरनेही फरक पडतो.

ट्रान्समिटसाठी एक आणि ऐकण्यासाठी वेगळी अँटेना हा दुसरा मार्ग. मीटरभर व्यासाची रिसीव्ह लूप गच्चीच्या कोपऱ्यात उभी करून फिरवली की तिच्या प्रतलाला काटकोनात असलेल्या दिशेचा स्रोत दबतो. सिग्नलही बारीक येतो, पण नॉइज त्याहून जास्त पडला की माणूस ऐकू येतो, आणि आपल्याला तेवढंच हवं.

रिगमधला नॉइज ब्लँकर टकटकीवर छान चालतो, एकसंध गुणगुणीवर नाही. डिजिटल नॉइज रिडक्शन कानाला आराम देतं. अँटेनाजवळचा नॉइज वेगळ्या तारेने पकडून उलट्या फेजने मिसळणारे कॅन्सलरही मिळतात. एका वेळी एकाच स्रोतावर ते चांगले काम करतात. प्रीअँप लावून मात्र काही होत नाही, तो खरखरही तितकीच मोठी करतो.

१५. पहिल्या पावसात नॉइज गायब, दिवाळीनंतर परत. घरात तर काही बदलत नाही.

खांब. धातूच्या दोन भागांत, सैल बोल्ट किंवा ढिल्या बाइंडिंग वायरपाशी, केसाएवढी फट असते आणि कोरड्या हवेत तिच्यातून ठिणगी उडत राहते. पावसाच्या पाण्याने फट जोडली जाते, ठिणगी थांबते. कोकण किनाऱ्यावर याचं उलट होतं: इन्सुलेटरवर समुद्राचा खार बसतो, दमट हवेत किंवा धुक्यात तो ओला झाला की पृष्ठभागावरून गळती सुरू होते, आणि दणकून पाऊस पडून इन्सुलेटर धुतला गेला की सगळं शांत. म्हणून पावसाबरोबर नॉइज जातो की वाढतो, हे वहीत लिहिणं मोलाचं.

शोधताना एचएफवर सुरुवात करून जवळ जाल तसे फ्रीक्वेन्सी चढवत जा. ७ मेगाहर्ट्झचा नॉइज तारांवरून फार दूरवर पसरतो, पण १२०-१३५ मेगाहर्ट्झच्या विमानांच्या एएम बँडवर ऐकू येणारा खांब म्हणजे अगदी शेजारचा. हातात तीन एलिमेंटची छोटी यागी (एका दिशेने ऐकणारी अँटेना) असेल तर चार खांबांतला एक वेगळा काढता येतो. खांबावरचा क्रमांक लिहून घ्या.

१६. खांब हलवून किंवा काठीने ठोकून खात्री करू का?

नाही. ढिला भाग तुटून जिवंत तार खाली येऊ शकते. खांबाला, ताणाच्या तारेला, डीपीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) कुंपणाला हात लावायचा नाही. वीजपुरवठा कंपनीकडे तक्रार करा (१९१२ हा क्रमांक त्यासाठीच आहे). तक्रारीत 'रेडिओला त्रास होतो' एवढंच लिहिलंत तर ती मागे पडते. 'अमुक क्रमांकाच्या खांबावर ठिणग्या होत आहेत, कनेक्शन ढिलं असावं' असं लिहिलं की ती देखभालीची तक्रार होते, आणि ती खरीही असते.

१७. नॉइज शेजाऱ्यांकडून येतो. त्यांना कसं सांगू?

आधी स्वतःचं घर स्वच्छ करा, नाहीतर पहिल्याच भेटीत तोंडघशी पडाल (उत्तर ५ मधला मी). मग दार वाजवताना कायदा नेऊ नका, ट्रान्झिस्टर न्या. 'काकू, एक मिनिट गंमत दाखवतो' म्हणून त्यांच्या चार्जरजवळ रेडिओ धरला की तो बोंबलतो, आणि मग कुतूहल त्यांचंच असतं. नवा चार्जर किंवा बल्ब खिशात घेऊनच जा आणि तिथेच बदलून द्या. शंभर-दोनशे रुपयांत अनेक वर्षांची शांतता मिळते. 'तुमच्या बल्बमुळे माझं नुकसान होतंय' हे वाक्य बोललात, की सोसायटीच्या पुढच्या सभेत तुमच्या गच्चीवरच्या तारेचा विषय निघालाच समजा.

लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे, छतावरचं सोलर हे सोसायटीचं. लिफ्टच्या ड्राइव्हसाठी देखभाल करारवाल्याकडून अर्थिंग, फिल्टर आणि मोटारीच्या केबलचं शील्डिंग तपासून घ्यायला सेक्रेटरीला सांगा. सोलरचं काम बसवण्यापूर्वी बोललात तर सोपं; पॅनलमागे ऑप्टिमायझर (पॅनलची वीज जुळवणारे इलेक्ट्रॉनिक डबे) येणार असतील तर आधीच विचारा. बसवून झाल्यावर डीसीच्या दोन्ही तारा एकत्र बांधून फेराइट लावणं एवढंच उरतं, आणि तेही बसवणाऱ्या कंपनीच्या माणसाकडूनच.

गणपती-दिवाळीतल्या माळांबद्दल: काही करू नका. दहा दिवस थांबा, किंवा रिग घेऊन टेकडीवर जा.

१८. सरकारकडे तक्रार करता येते का?

येते. परवाना देणाऱ्या डब्ल्यूपीसी विंगप्रमाणेच दूरसंचार विभागाखाली वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन आहे आणि अडथळ्यांची तपासणी हे तिचं काम. पण 'बँडवर खूप नॉइज आहे' अशी तक्रार कुणालाच हाताळता येत नाही. वेळ, फ्रीक्वेन्सी, काट्याचे आकडे, वॉटरफॉलचे फोटो, तुमचं मेन बंद करून केलेल्या चाचणीचा निकाल आणि स्रोताचं ठिकाण इतकं जोडा. घरगुती चार्जरसाठी हा मार्ग फार लांबचा. कारखाना किंवा मोठी यंत्रणा असेल आणि बोलून भागत नसेल तर घ्या.

१९. शेतावर रिग लावली. ना एलईडी, ना शेजारी, तरी सेकंदाला एक टक, टक, टक. काय असेल?

झटका मशीन. रानडुकरांसाठी कुंपणाला जोडलेलं यंत्र साधारण सेकंदाला एक झटका सोडतं. कुंपण नीट असेल तर ते बऱ्यापैकी शांत असतं. तारेला गवत टेकलं, इन्सुलेटर तडकला किंवा गाठ सैल झाली की तिथे दर झटक्याला ठिणगी उडते आणि शेकडो मीटरची तार तिची अँटेना होते. अंधार पडल्यावर कुंपणाच्या कडेने चालत गेलं तर ठिणगी डोळ्यांना दिसते, कानांनाही ऐकू येते. दुरुस्ती केली की झटकाही पूर्ण बसतो, त्यामुळे शेतमालक आनंदाने करतो. मशीन आधी बंद करायला सांगा.

२०. सगळं केलं, नॉइज एस४ वर आला. पण आता १४.०३० वर एक बारीक शिट्टी ऐकू येते, आधी नव्हती.

आधीही होती, नॉइजखाली झाकलेली. १४.०३० च्या आसपासची शिट्टी बहुधा इथरनेटची असते. राउटरची केबल काढा. शिट्टी गेली तर केबलच्या दोन्ही टोकांना फेराइटवर वेढे, किंवा शील्ड असलेली केबल, किंवा तेवढा भाग वायफायवर. तरीही बारीकशी शिट्टी उरली तर ती तुमच्या भिंतीपलीकडच्या राउटरची, आणि तेव्हा उत्तर १७.